खाली बसायचं नाही

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भोरच्या बाजारात मी भाजी घ्यायला उभी राहिले की कोणी ना कोणी येऊन गुडघा पुढे करतं. "मॅडम, जरा बघा की, हितं कळ मारतीया." मी एका हातात मेथीची जुडी धरून दुसऱ्या हाताने तिथेच बघते. नाही म्हटलं तर भाजीवाली तोंड वाकडं करते, कारण गुडघा बहुतेक वेळा तिच्याच जावेचा असतो.

मी फिजिओथेरपिस्ट. आमच्या अब्बांना हा शब्द शेवटपर्यंत धड म्हणता आला नाही. "पोरगी दवाखान्यात कसरत शिकवते," असं ते लोकांना सांगायचे. त्यातल्या त्यात ते बरं, कारण बाकी भोर-वेल्ह्यात मी 'मालीशवाली बाई' होते. एकदा तर एका लग्नघरातून नवरदेवाला तेल लावायला येता का, म्हणून निरोप आला होता. मी काय उत्तर दिलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

तर मालीश नाही, काम काय ते सांगते. खुब्यात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडाच्या वाटीत फिरत असतो. तो मोडला की सर्जन तो काढून धातूचा बसवतात. ऑपरेशन एका दुपारीत उरकतं. पुढचे महिने आमचे. भोवतीचे स्नायू त्या नव्या गोळ्याला नीट धरायला शिकेपर्यंत माणसाने उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कमरेतून वाकायचं नाही. बसलं तर गोळा वाटीतून निसटतो आणि माणूस परत टेबलावर जातो. आणि हे सगळं सांभाळताना चालायचं मात्र रोज. नुसतं पडून राहिलं की स्नायू वाळतात, मग सर्जनने केलेली सगळी मेहनत पाण्यात.

हे मी हजारदा सांगितलं असेल. पण सांगितलेलं घरी गेल्यावर कसं वागतं, हे मला भागूबाईंनी शिकवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात होते. आमची शिबिरं नसरापूरला आणि वेल्ह्याला व्हायची. भागूबाई वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर असलेल्या एका धनगरवाडीतल्या. नवरा जाऊन जमाना झालेला. घरी मुलगा धोंडू, सून सुमन आणि गोठाभर म्हशी. गवत कापताना पाय घसरला आणि खुब्याचा गोळा मोडला. वाडीतल्या गड्यांनी घोंगडीची झोळी करून ती बांबूला टांगली, आणि त्यातून त्यांना पार खाली रस्त्यापर्यंत आणलं. तिथून दुधाच्या टेम्पोतून आणि पुढे जीपमधून त्या आमच्याकडे आल्या.

शेजारच्या खाटेवर पुण्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या न्हाणीघरात घसरलेल्या. दोघींना एकाच आठवड्यात, एकाच सर्जननी, म्हणजे आमच्या सरांनी, तसाच गोळा बसवला. पहिल्या दिवशी मी वॉकर घेऊन गेले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी मलाच पाच-पन्नास प्रश्न विचारले. भागूबाई म्हणाल्या, "काय करायचं ते येकदाच सांग, पोरी. माज्या ध्यानात ऱ्हातं."

आणि राहिलंही. वॉर्डात माझी सगळ्यात चांगली शिष्या त्याच. मुख्याध्यापिकाबाई सपाता घालायला हळूच वाकल्या की शेजारून आवाज यायचा, "बाई, वाकू नका की. पोरगी घसा फोडून सांगतीया न्हवं." जन्मभर पोरांना शिस्त लावलेल्या त्या बाई खजील होऊन पाय मागे घ्यायच्या. मला फार मजा वाटायची.

घरी सोडताना मी धोंडूला बाजूला घेऊन सांगितलं की घरी खुर्चीच्या संडासाची सोय करून घ्या. त्याने मान हलवली. मान हलवणं हे आमच्याकडचं सभ्य उत्तर आहे. त्याचा अर्थ हो असतोच असं नाही.

पुढच्या तपासणीला मुख्याध्यापिकाबाई काठी टेकत, स्वतः जिना चढून आल्या. भागूबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वेळीही नाहीत. सर म्हणाले, "खेड्यातले पेशंट ऐकत नाहीत." मला राग आला. सरांचा आला की भागूबाईंचा, ते मला सांगता आलं नसतं.

मग वेल्ह्याच्या शिबिरात धोंडू दिसला. एकटाच रांगेत उभा.

"आई कुठंय?"

"घरी. लई अशक्त झालीया, मॅडम. उठवतच न्हाई. म्हटलं, ताकदीच्या गोळ्या घिऊन जावं."

"व्यायाम करतात का?"

"करती की. पडल्या पडल्या करती. तुमी सांगितलेलं येक मोडत न्हाई."

माझं डोकं फिरलं. पडल्या पडल्या चालता येत नाही. मी सहकाऱ्यांना सांगितलं, गाडी मला टाकून गेली तरी चालेल, आणि धोंडूच्या मागे निघाले. चढ असा, की मध्येच मला वाटलं, आता वाडीतल्या गड्यांना माझ्यासाठीही झोळी आणावी लागणार. धोंडू तेवढ्या वेळात पुढे जाऊन, वाट बघून, परत मागे यायचा. "आलंच, मॅडम," म्हणायचा. काही आलं नव्हतं.

वाडी म्हणजे कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली पाच-सहा घरं. भागूबाईंच्या अंगणात आमचा वॉकर दिसला. त्याला रेडकू बांधलं होतं.

"हा पेशंटला दिलाय की रेडकाला?" मी विचारलं. धोंडू पुन्हा सभ्यपणे मान हलवून रेडकू सोडायला लागला.

आत भागूबाई बाजेवर पडल्या होत्या. मला बघून हसल्या, पण ते हसू जिवणीपुरतंच. मी तपासलं. जखम झकास भरली होती, गोळा जागच्या जागी होता. पण मांडी वाळली होती, ओठांना भेगा पडल्या होत्या आणि नाडी फार जलद चालली होती. पोटाला चिमटा काढल्यावर कातडी तशीच वर राहिली. सुमनने चहा आणला. मला कप दिला, दुसरा सासूपुढे धरला.

"मला नगं. आत्ताच घेटला," भागूबाई म्हणाल्या. सुमन कप घेऊन गेली.

मी व्यायामावरून तासायला सुरुवात केली. असं पडून राहिलात तर काय होईल, वगैरे माझं नेहमीचं कीर्तन. मग मी हात धुवायला बाहेर आले, तर सुमन पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आली आणि गोठ्याआड थांबली.

"आत्या खोटं बोलत्यात, मॅडम. सकाळपास्नं घोटभर पाणी न्हाई पोटात."

"का?"

तिने तांब्या खाली ठेवला. मग एका दमात म्हणाली, "तुमी सांगितलंय न्हवं, खाली बसायचं न्हाई म्हनून? आमच्या बायकांची जागा त्या खालच्या दगडाआड. थितं बसायलाच लागतं. त्या बसत न्हाईत. म्हून खात न्हाईत आन पीतबी न्हाईत. पोटात गेलंच न्हाई तर जायाबी लागत न्हाई, म्हनत्यात. दिस उगवायच्या आत मी धरून नेते, झाडाला धरून उभ्या उभ्याच कसंतरी... लई लाजत्यात. मला म्हनत्यात, कुनाला सांगू नगंस."

मी गोठ्याच्या मेढीला टेकून उभी राहिले. आम्ही पुण्यात बसून म्हणत होतो, ही बाई ऐकत नाही. आणि ही बाई इतकी ऐकत होती की ऐकता ऐकता मरायला टेकली होती. मला रडू आलं. सुमनने ते पाहिलं आणि तिच्याही डोळ्यांना पदर लागला.

आत जाऊन मी बाजेच्या कडेला बसले. "मावशी, पाणी का पीत नाही?"

त्यांनी सुनेकडे एकदा रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "तूच म्हनली न्हवं, गोळा निसटंल? निसटला तर परत ती झोळी. परत चार घरचं गडी. आता भात कापणीला आलंया. सोताचं भात सोडून मला वाहून न्या म्हनून कुनाच्या तोंडाकडं बघू?"

"आजपासून पाणी प्यायचं."

"आन मग?"

पुण्यातल्या दुकानात संडासाची खुर्ची मिळायची, पण तिचे बारीक नळीचे पाय वाडीच्या मातीत घोट्याएवढे रुतले असते. मी एवढंच म्हटलं, "मला थोडा वेळ द्या. तोवर घोट घोट तरी घ्या, माझ्यासाठी." आणि उतरले.

कापूरहोळच्या फाट्यावर माझ्या मामूंचं गॅरेज होतं. ट्रकची कामं, वेल्डिंग, पत्रा, सगळं. मी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. मामूंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "बाई अंगाने कशी आहे? उठताना कशाला धरते? जमीन कशी आहे?" मग शेजारच्या ढाब्यावरून एक जुनी लोखंडी खुर्ची आणली, बैठकीला मध्ये भोक पाडलं, कडा घासून त्यावर सायकलची ट्यूब चढवली, खुर्चीचे हात उंच केले. पाय रुतू नयेत म्हणून खाली ट्रकच्या स्प्रिंगच्या रुंद पाट्याचे तुकडे जोडले. आणि तयार झाल्यावर स्वतः भर फाट्यावर त्यात बसून, उठून, परत बसून बघितलं. ढाब्यावरचे ड्रायव्हर चहा टाकून बघत राहिले.

"मामू, लोक बघतायत," मी म्हटलं.

"बघू दे, बेटा. ट्रकच्या सीटा बसवण्यात हयात गेली. माणूस बसून परत सुखाने उठला पाहिजे, एवढंच तर काम."

खुर्ची घेऊन मी नसरापूरला वेल्ह्याची एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, "बाई, खुर्चीचं तिकीट काढा, न्हाईतर तिच्यावर तुमीच बसा." ही खुर्ची कशाची आहे ते मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्यानंतर वेल्ह्यापर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

पुढचा चढ खुर्ची धोंडूच्या डोक्यावरून चढली. घरामागच्या सपाट जागेवर त्याने खड्डा खणला, वर खुर्ची ठेवली, भोवती कारवीचा आडोसा बांधला. वाडीतल्या सगळ्या बायका बघायला आल्या. त्यांतल्या दोघी-तिघींनी लुगडं सावरून बसूनही पाहिलं. भागूबाई वॉकरने तिथवर आल्या, माझा हात धरून टेकल्या, लोखंडी हातांवरून पंजे फिरवले.

"पाटलीण वाटतीया म्या," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा खळखळून हसल्या.

त्या दिवशी त्यांनी माझ्यासोबत चहा घेतला. अर्धाच कप. भरवसा बसायला वेळ लागतो.

इथे एक सांगायलाच हवं. सगळ्यांकडे मी अशी गेले नाही. जाणं शक्यही नव्हतं. शिवऱ्याला हमरस्त्याच्या कडेला पेरू विकणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचाही खुबा आमच्याकडेच बदललेला. शेताच्या बांधाआड बसल्या आणि गोळा निसटला. दुसऱ्या ऑपरेशननंतर त्या काठीवाचून कधी चालल्या नाहीत. शिवऱ्यावरून जाताना अजूनही माझी मान आपोआप दुसरीकडे वळते. त्यांच्याकडे खुर्ची पोचली असती तर, असं मनात येतं आणि ते जात नाही.

पुढच्या खेपेला मी वाडीवर गेले तेव्हा भागूबाई खात होत्या, पीत होत्या, अंगणात वॉकरने येरझाऱ्या घालत होत्या. गालावर जरा मांस दिसत होतं. मी खूश. पण त्या घुश्शात.

"आता काय झालं?"

"बानूला इचार."

बानू म्हणजे त्यांची म्हैस, घरातली सगळ्यात दुधाची. ती भागूबाईंच्या हाताखेरीज कुणाला पान्हा सोडत नसे. सुमनने सासूचं लुगडं नेसून बघितलं, सासूसारखा आवाज काढून बघितला. बानूने एकदा वास घेतला आणि चरवी लाथेने उडवली. आता दूध आटायला लागलं होतं.

"म्या काढते म्हटलं, तर ह्यो धोंड्या दावणीपतुर जाऊ देईना," भागूबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे त्याचं. धार काढायला उकिडवं बसावं लागतं. बसलात की गोळा गेला."

"मग म्या बरी कशासाठी झाले?" त्यांचा आवाज चढला. "बाजंवर बसून सुनंच्या हातचं खायाला? म्हस माज्या नावानं हंबरती आन म्या अंगणात येरझाऱ्या घालती. जनावर आटलं तर त्येची हाय मलाच लागंल. सांग की, कशासाठी बरी केली मला?"

खरं सांगते, त्यांना चालतं करणं एवढंच माझं काम आहे असं मी धरून चालले होते. चालून कुठे जायचं ते त्यांच्या मनात पहिल्यापासून पक्कं होतं, मी विचारलं नव्हतं एवढंच. पण गोळ्याची भीती खरी होती आणि मी हट्टाला पेटले. म्हटलं, नाही म्हणजे नाही. त्या वॉकर आपटत उठल्या आणि तरातरा गोठ्याच्या मागे निघाल्या. मी मागे, माझ्यामागे सुमन.

डोंगरउताराला घर असलं की सगळी जागा पायऱ्यापायऱ्यांची असते. गोठा वरच्या पट्टीत, आणि त्याच्या मागे मांडीएवढ्या दगडी बांधाखाली दुसरी पट्टी. भागूबाई घराला वळसा घालून त्या खालच्या पट्टीत जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून. वर बानू मोकळीच होती. मालकिणीचा वास आल्याबरोबर ती बांधाच्या कडेला आली आणि त्यांचं डोकं चाटायला लागली. भागूबाईंनी हात वर करून तिच्या मानेखाली खाजवलं. मग पोटाखाली हात फिरवला. बानू आडवी होऊन शांत उभी राहिली. तिची कास भागूबाईंच्या थेट छातीसमोर होती.

सुमन हळूच म्हणाली, "आत्या, हितनंच काढा की."

मग मी एकदम कामाला लागले. वॉकर त्यांच्या मागे लावला, की तोल गेला तर टेकता यावं. धोंडूने बानूला आखूड बांधलं आणि तिचा पाय घसरू नये म्हणून बांधाच्या कडेला एक ओंडका टाकला. सुमनने चरवी बांधावर ठेवून हाताने धरली. दोन्ही पायांवर सारखा भार, पाठ ताठ, कमरेत वाक नाही. वॉर्डात असं उभं राहायला मी लोकांच्या विनवण्या करायचे.

"मावशी, डाव्या पायावर रेलू नका."

"गप गं. ती बुजंल."

भागूबाईंनी कासेला पाणी लावलं, दोनदा हात फिरवला, आणि काहीतरी पुटपुटल्या ते बानूलाच कळलं. मग चरवीच्या तळाशी धार वाजली. धोंडूने तोंड फिरवून घेतलं. भागूबाई मात्र कुणाकडे बघत नव्हत्या. त्यांचे दोन्ही हात चालले होते.

भात घरात आलं, थंडी पडली. नसरापूरच्या शिबिरात एका सकाळी सर स्वतः आले होते. गर्दी फार. दारात एसटी थांबली आणि त्यातून भागूबाई उतरल्या. हातात एक काठी, मागे धोंडू. वाडीवरून रस्त्यापर्यंत त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या होत्या. सरांनी त्यांना चालवून पाहिलं, पाय सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला, मांडीचा स्नायू दाबून पाहिला. दोनदा पाहिला.

"आजी, व्यायाम कोणता करता?"

"म्हस काढते," भागूबाई म्हणाल्या. "सकाळ-संद्याकाळ."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नंतर सांगते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, पाणी दे की. उतरून उतरून लई तहान लागलीया."

मी तांब्या भरून दिला. त्यांनी काठी भिंतीला लावली, दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायल्या, पार तळ दिसेपर्यंत. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर ओघळलं. तोंड पुसून त्या म्हणाल्या, "हितं जायाची सोय कुठं हाय?"

इतकी वर्षं आम्ही तिथे हाडांचं शिबिर घेत होतो, लोकांना बजावत होतो, आणि आमच्याच इमारतीतला संडास खाली बसायचा होता. सरांच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण ते चष्मा काढून पुसायला लागले.

"ठाऊक हुतं मला," भागूबाई म्हणाल्या. "धोंड्या, काढ रं."

धोंडू बाहेर गेला आणि एसटीच्या टपावरून उतरवलेली मामूंची खुर्ची डोक्यावर घेऊन आला. ती ढाब्याची लोखंडी खुर्ची, ट्रकच्या पाट्यांचे पाय, सायकलची ट्यूब, सगळं भर रांगेतून पुढे आलं. माणसं बाजूला सरली. सरांनी ती थांबवली, खाली ठेवून घेतली, उलटी करून पाय बघितले, हात दाबून बघितले.

"ही कुठे मिळते? आपल्याला अशा बऱ्याच लागतील," ते म्हणाले.

"आदी म्या जाऊन येते," भागूबाई म्हणाल्या, "मग बघत बसा."

धोंडूने खुर्ची आत नेऊन ठेवली. त्या काठी टेकत गेल्या, दार लावून घेतलं, आणि आम्ही सगळे, सरांसकट, खुर्ची मोकळी व्हायची वाट बघत बाहेर उभे राहिलो.